नाताळपर्यंत ठेवलेला कंदील

१

माळेतलं गाणं मधेच तुटलं आणि उरलेली ओळ वरून, पोटमाळ्यातून, कुणीतरी गुणगुणत पुरी केली.

देविकाच्या हातातला शुभेच्छापत्रांचा गठ्ठा निसटून काउंटरवर पसरला. त्यात नवल काही नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी ती. हिला उठवायचं तर दाराबाहेरूनच हाक मारावी, असं तिची आई म्हणायची. तिनं पत्रं गोळा केली आणि माळेकडे पाहिलं. ही ती नवी चिनी माळ. दिव्यांच्या जोडीला काडेपेटीएवढी एक डबी, आणि त्या डबीतून नाताळची गाणी एकामागून एक, डासाला सनई शिकवावी तशी. प्लग सैल होता. रस्त्यावरून ट्रक गेला की माळ गप्प व्हायची.

आताही ती गप्प होती. वरचं गुणगुणणंही थांबलं होतं. ओळ पुरी झाली होती ना.

बाबा बाहेर स्टुलावर चढून काचेला कापूस चिकटवत होते. तोंडात दोऱ्याची गुंडी धरलेली, म्हणजे ते नव्हेत. देविका मानसशास्त्र घेऊन बीए झाली होती. अपुरा आकार मन आपलं आपणच पुरं करतं, हे तिला दुसऱ्या वर्षाला होतं. पुस्तकात एक तुटकं वर्तुळ काढलेलं असे. मनानं गाणं पुरं केलं, दुसरं काय. तिला बरं वाटलं. मग आठवलं, की ओळीच्या मधे त्या आवाजानं दम घेतला होता. म्हातारी माणसं घेतात तसा, छातीत किंचित घरघर करून.

मनाला दम लागत नाही.

"बाबा, वर कोणी आहे का?"

"उंदीर असेल," दोऱ्याची गुंडी काढून बाबा म्हणाले. "कापूस दे अजून. खिडकीच्या खाली बर्फ कमी पडलाय."

२

नोएडात बर्फ. देविकाला त्या कापसाकडे बघवत नसे.

ते मार्केट म्हणजे सेक्टरच्या पोटात बांधलेल्या दोन रांगा आणि मधे एक बाग, जिच्यात गवत फक्त नकाशावर होतं. समोर अजून विकलं न गेलेलं मोहरीचं शेत, त्यापलीकडे विटांचे ढीग. जागेला नाव नव्हतं, नंबर होता, आणि लोकांना त्या नंबराचाच तोरा. केबल आली, पाठोपाठ मारुती आली, आणि आता सगळ्यांना नाताळ हवा होता. येशूशी ह्यातल्या कुणाचंही देणंघेणं नव्हतं. पण दिल्लीतल्या मोठ्या दुकानांत झाड सजतं ना, मग आमच्याकडेही सजलं पाहिजे. मार्केट असोसिएशननं सगळ्यांत सुंदर दुकानाला बक्षीस ठेवलं होतं. त्या बक्षिसासाठी औषधवाल्यानं वजनकाट्याला लाल टोपी घातली होती आणि मिठाईवाल्यानं बर्फीची गाडी करून तिला साबुदाण्याची हरणं जुंपली होती. प्रत्येकाचा टेपरेकॉर्डर वेगळा, प्रत्येकाचं गाणं वेगळं. व्हरांड्याच्या मध्यावर उभं राहिलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यागत ऐकू यायचं.

"एन्व्हायर्नमेंट बनता है," शेजारचा चावला म्हणायचा. बांगड्या, टिकल्या, लेडीज आयटम असं त्याचं दुकान. त्यानं तर फूटपाथवर लग्नातला स्पीकर आणून ठेवला होता.

आणि ह्या सगळ्यांत सगळ्यांत उत्साही कोण, तर तिचे बाबा. सुभेदार बळवंत, निवृत्त. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं छावणीतली पोरं सायकलवरून उतरायची, ते आता पिठाची खळ करून खिडकीला कापूस लावत होते. दुकानाच्या पाटीवर त्यांनी तिचंच नाव घातलं होतं, देविका गिफ्ट्स अँड कार्ड्स, आणि त्या पाटीखालून कॉलेजची एखादी मैत्रीण जाईल ह्या भीतीनं ती वर्षभर अर्धी झाली होती.

कंदील मात्र सुंदर होता. ते तिलाही कबूल करावं लागे. कामट्या तासून, पतंगी कागद लावून बाबांनी दिवाळीला दुकानासाठी चांदणीचा आकाशकंदील केला होता, छावणीत दर वर्षी क्वार्टरला करायचे तसा. छावणीत देवदिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरायचाच. कवायतीसारखा. ह्या वर्षीही ते स्टूल घेऊन निघाले होते. चावलानं हात धरला.

"अरे सूबेदार साब, रहने दो ना. स्टार है. बड़े दिन तक चलेगा."

बडा दिन म्हणजे नाताळ. बाबांनी कंदिलाकडे पाहिलं, समोरच्या काचेतल्या लाल टोप्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं त्यानं देविकाला शरम वाटली. आपला कंदील इंग्रजी निघाला, ह्याचा आनंद झाला होता त्यांना.

३

आईला ते पटलं नव्हतं. गुडघ्यांमुळे ती तिसऱ्या मजल्यावरून क्वचितच उतरायची, पण तिला तिथं बसून सगळं कळायचं.

"कार्तिक संपला. काढा तो," रात्री वाढताना ती म्हणाली होती.

"स्टार म्हणून चालतोय, लता. गिऱ्हाईक थांबून बघतं."

"गिऱ्हाइकासाठी असतो का तो? आपल्या गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून असतो. ती येतात, जातात. त्यानंतर दिवा कोणासाठी ठेवलाय तुम्ही?"

"कोणासाठी म्हणजे? जो येईल त्याच्यासाठी. दुकान आहे ते."

"आई, प्लीज यार," देविका म्हणाली. कापूसवाला बर्फ आणि वाट चुकलेले पितर, ह्यातलं अधिक गावंढळ कोणतं हे तिला ठरवता येईना. दोन्हींच्या मधे आपलं घर पडावं, हेच दुर्दैव. "चाळीस वॉटचा बल्ब आहे आत. त्याच्या उजेडात चावलाचं गिऱ्हाईक आलं तरी पुष्कळ."

बाबा हसले. आई हसली नाही. तिनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला, ते नको म्हणत असताना.

४

डिसेंबरचं धुकं उतरलं. दुपार संपते न संपते तोच समोरचं शेत पुसलं जायचं आणि मार्केट पांढऱ्या डब्यात बंद झाल्यासारखं व्हायचं. बाबा पोटमाळ्यावर जास्त जाऊ लागले.

पोटमाळा म्हणजे काउंटरच्या मागं छतात एक चौकोनी भोक, त्याला टेकलेली लोखंडी शिडी, आणि वर खोक्यांची अडगळ. ताठ उभंही राहता येत नसे. आधी ते चढायचे, खोकं घ्यायचे, उतरायचे. आता चढले की बसायचे. वर ऊब आहे, म्हणायचे.

एकदा देविका बँकेतून परतली तर दुकान रिकामं, आणि शिडीच्या पायथ्याशी बाबांचे बूट. टाचा जुळवून, नाडे आत खोचून ठेवलेले.

कुणाच्या घरी गेल्यावर ते ठेवायचे, अगदी तसे.

"बाबा?"

"हां, आलो आलो." आणि खरंच आले, हातात चहाचा रिकामा पेला घेऊन. अंगाला गोवऱ्यांच्या धुराचा वास होता.

"बूट कशाला काढले?"

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "खोक्यांवर धूळ नको."

बाहेर थंडीत चौकीदार लोक काय वाट्टेल ते जाळतात, तोच वास असणार, तिनं स्वतःला सांगितलं. वर जाऊन बघायला काय झालं होतं? ती शिडीच्या पहिल्या पायरीवर चढलीही. मग माळेतलं गाणं बदललं, ती दचकून उतरली, आणि अशा मूर्ख जागेत मूर्ख होऊन जायला आपण पदवी घेतली नाही असं मनाशी म्हणत स्टुलावर जाऊन बसली.

वर काहीतरी हलकेच सरकलं. माळेच्या तालावर खोक्याच्या पुठ्ठ्यावर टकटक सुरू झाली. बाबा तोवर बाहेर जाऊन कंदिलाचा दोरा घट्ट करत होते.

"चावलाजी," त्या संध्याकाळी तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "आपके ऊपर भी आवाज़ आती है?"

"ऊपर चूहे हैं, मैडम, नीचे कस्टमर. दोनों मुफ़्त का खाते हैं." त्यानं स्पीकरची कळ पिळली. "आप बहुत पढ़ी हो. इसलिए डरती हो."

"पहले यहाँ क्या था?"

"खेत था जी. और क्या होगा. गोबर और खेत."

ते शब्द त्यानं फूटपाथवर थुंकल्यासारखे टाकले. देविकाला त्या क्षणी तो माणूस विलक्षण किळसवाणा वाटला, आणि आपणही कालपर्यंत ह्याच सुरात बोलत होतो, हे तिनं लगेच मनाआड केलं.

५

बाबा घर चुकले.

दोघं दुकान बंद करून चालत निघाली होती. धुक्यात सगळे ब्लॉक सारखे. मुळात ते धुकं नसतानाही सारखेच होते. देविका जिन्याकडे वळली, बाबा वळले नाहीत. सरळ चालत राहिले, जिथं रस्ता संपून शेत लागतं तिकडे, घाईनं, चांगली ओळखीची वाट असल्यासारखे. ती धावत गेली. बाही ओढल्यावर थांबले.

"अरे. चुकलोच की," म्हणाले आणि हसले. तीही हसली, कारण दुसरं काय करणार. वय होतंय. धुकं आहे. मानसशास्त्रात ह्याला चांगली, वजनदार नावं आहेत.

वर आल्यावर आईनं दार उघडलं. बाबांनी बाहेरच बूट काढले, टाचा जुळवून भिंतीशी ठेवले आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले.

"आत येऊ का?"

आईला आधी ती थट्टा वाटली. "या, या. पाव्हणे कुठले तुम्ही?"

पण बाबा थट्टा करत नव्हते. ते अदबीनं उभे होते. परक्या बाईकडे पाहू नये म्हणून त्यांनी नजर खाली घातली होती.

आईनंच पुढं होऊन त्यांचा हात धरला. आत आणून पाटावर बसवलं. जेवणं झाली. नंतर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, नळ सोडून, हळूच म्हणाली, "देवू, उद्या मी फोन करीन. ह्यांना उजेड आहे तोवर घेऊन ये. आणि तो कंदील काढून आण. बक्षीस गेलं खड्ड्यात."

"आई, डॉक्टरला दाखवू या. कंदिलानं काय होतंय?"

"डॉक्टरलाही दाखवू. तू आधी त्यांना घरी आण. सगळेच्या सगळे आण."

हे शेवटचं ती का म्हणाली, ते देविकानं विचारलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी नाताळची आदली संध्याकाळ. बक्षिसाची मंडळी यायची होती, आणि मार्केटनं जेवढा म्हणून आवाज काढता येतो तेवढा काढला होता. चावलाच्या स्पीकरनं काचा थरथरत होत्या. एका गिऱ्हाईक बाईनं नवऱ्याच्या साहेबासाठी कार्ड निवडायला अर्धं दुकान खाली काढलं आणि शेवटी नुसती किल्ल्यांची साखळी घेतली, तीही घासाघीस करून. देविका तिच्या पाठीकडे पाहत राहिली. ही माणसं. ह्यांच्यासाठी बाबा बर्फ चिकटवतात.

फोन वाजला तेव्हा ती उडालीच.

"निघालात का?" आई.

"गर्दी आहे. निघतो."

"कुठायत ते?"

देविकानं मागं पाहिलं. शिडीच्या पायथ्याशी बूट होते.

"इथंच आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात वीज गेली. रोजचंच होतं ते. व्हरांड्याच्या टोकाला मार्केटचा सामाईक जनरेटर धडधडायला लागला. त्यावर प्रत्येक दुकानाला एकच पॉइंट मिळायचा. बाकी दुकानदार त्यावर निदान एक ट्यूब तरी लावत, चावलानं ट्यूबबरोबर स्पीकरही जोडला होता, बाबांनी मात्र आपल्या पॉइंटवर कंदील आणि ती गाणारी माळ जोडली होती. ट्यूब विझली आणि दुकानात उरला तो बाहेरून काचेतून येणारा कंदिलाचा तांबडा-पिवळा उजेड, कापसावर पडून आणखी मऊ झालेला, आणि डबीतलं गाणं.

ती शिडीपाशी गेली. वर पाहिलं.

भोकाच्या कडेला बाबा बसले होते. त्यांचं अंग वर अंधारात होतं, खाली लोंबत होते ते फक्त पाय, राखाडी मोज्यांतले, टाचेला आईनं रफू केलेले. गाण्याच्या तालावर ते झुलत होते. सुभेदार बळवंत लहान मुलासारखे पाय हलवत होते.

त्यांच्या पायांशेजारी आणखी दोन पाय होते.

अनवाणी. टाचांना शेतातल्यासारख्या भेगा, त्यांत काळी माती, घोट्यांवर चांदीची जाड कडी. तेही झुलत होते, त्याच तालावर. मग बाहेरून ट्रक गेला, प्लग हलला, आणि माळ एक क्षण गप्प झाली. मोज्यातले पाय थांबले.

दुसरे थांबले नाहीत.

७

देविका दुकानाबाहेर कशी आली ते तिला कळलं नाही. ती चावलाच्या काउंटरला धरून उभी होती.

"चावलाजी, ज़रा आइए. पापा ऊपर हैं. ऊपर कोई..."

"हैं तो हैं. सो रहे होंगे, ठंड है." तो आरशात बघून लाल टोपी नीट करत होता. "मैडम, कमेटी आ रही है. आप भी मुँह ठीक करो. ऐसी शक्ल देखकर कोई प्राइज़ देता है?"

कमिटी खरंच येत होती. धुक्यातून शाली पांघरलेली तीन-चार माणसं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात समोसा. देविका परत आपल्या दारात आली. आत जायचं, शिडी चढायची, बाबांचा हात धरायचा आणि खाली आणायचं. एवढंच होतं. आई असती तर गुडघे विसरून चढली असती. देविकानं एक पाऊल आत टाकलं, आणि वर कुणीतरी छातीत घरघर करून दम घेतला.

ती चढली नाही.

त्याऐवजी तिला एक सोपी, शहाण्यासारखी वाटणारी गोष्ट सुचली. कंदिलामुळे हे सगळं, असं आई म्हणते ना. मग कंदील नको. उजेड गेला की जे आलंय ते उठेल, आपल्या वाटेनं जाईल, आणि बाबा आपोआप खाली येतील. ह्यात शिडी चढावी लागत नव्हती. ती दाराशी वाकली. कंदिलाची आणि माळेची वायर एकाच प्लगला गुंडाळलेली होती. तिनं दोन्ही हातांनी धरून तो उपटला. मग दोरा ओढला. कामट्या मोडल्याचा बारीक आवाज झाला आणि चांदणी तिच्या पायाशी पडली.

दुकान काळं झालं. पलीकडे चावलाचा स्पीकर गरजत होता, पण आत, काचेच्या अलीकडे, काही नव्हतं. गाणं नव्हतं. वरचा दम नव्हता. पुठ्ठ्यावरची टकटक नव्हती.

देविकानं सुटकेचा श्वास सोडला. बघ, तिनं स्वतःला सांगितलं. गेलं. साधी गोष्ट होती.

"बाबा, या खाली. घरी जायचंय."

वर कुणी हललं नाही.

"बाबा, आई वाट बघतेय."

तिनं हात पुढं करून चाचपडत काउंटर शोधला, काउंटरवरून भिंत, भिंतीवरून शिडी. लोखंड बर्फासारखं होतं. पायाला बूट लागले. ती खाली बसली आणि ते दोन्ही बूट उराशी धरले, कारण हे इथं आहेत म्हणजे बाबा अनवाणी कुठं जाणार नाहीत, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं. मग आणखी एक विचार आला. जे आलं होतं ते उजेडानं आलं होतं. उठून गेलं असेल तर त्याला सोबत लागली असेल, बाबांची. आणि ते गेलं नसेल तर आता त्याला जायला वाट नव्हती. ती तर आपणच मोडून पायाशी टाकली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी देवू. ओ द्या ना. मी चढते वर, हे बघा, चढतेय. फक्त एकदा ओ द्या."

ती खरंच चढली. एक पायरी, दुसरी. बूट काखेत. तिचं डोकं भोकाच्या कडेला आलं तेव्हा गोवऱ्यांचा धूर नाकात गेला आणि चेहऱ्याला ऊब लागली, घरात चूल पेटलेली असावी तशी. खोक्यांची अडगळ तिथं नव्हती असं तिला वाटलं. अंधार फार लांबवर गेला होता, एका दुकानाच्या माळ्यात मावणार नाही इतका.

"बाबा."

आणि मग कुणीतरी ओ दिली. आवाज बाबांचाच होता, खर्जातला, छावणीतला, लाखांत ओळखू यावा असा. पण तो खूप आतून आला, सेक्टरांच्या मधे उरलेल्या गावांतली माणसं बोलतात त्या बोलीत, आणि दारात आलेल्या परक्या पोरीशी बोलावं तशा मायेनं त्यानं विचारलं,

"किसकी छोरी है री तू?"